बहिऱ्यांच्या घरातली मोगरी

इनोबतच्या घरात एक लाकडी मोगरी होती. हातभर लांबीचा दांडा, आणि त्याच्या टोकाला कुठल्याशा घट्ट लाकडाचा लहान कलिंगडाएवढा गड्डा, खालच्या अंगाला किंचित फुगीर. एका हाताने उचलायची म्हटली तर मनगट कुरकुरायचं. ही मोगरी नेमकी कशाची, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही म्हणून कुणाचं काही अडतही नव्हतं.

उलट तिच्यावाचूनच घराचं पान हलत नसे. शरदातला वारा सुटला की अंगणाचा दरवाजा तिच्या टेकूने उघडा राहायचा. मिठातल्या काकड्यांच्या माठावर दडपण म्हणून तीच बसायची. इनोबत फावल्या वेळात टोप्या शिवायची, मर्गिलान शहरातल्या निम्म्या बायका शिवतात तशा. शिवून झालेल्या टोप्यांच्या घड्या दाबून बसवायला मोगरीच. अक्रोड फोडायला मोगरी. आणि पाहुणे आले, की खडीसाखरेचा तो दगडासारखा मोठा खडा फडक्यात गुंडाळून फोडायलाही मोगरीच.

इनोबतचा धाकटा भाऊ सोबिरजोन याने मात्र तिचा उगम शोधून काढला होता. बोबो, म्हणजे त्यांचे आजोबा मिरकोमिल, हे बैल पाडायचं काम करायचे आणि एका घावात बैल आडवा करायचे, असं तो दर सणाला सांगायचा. दर सणाला बैल थोडा मोठा होत जायचा. इनोबत म्हणायची, "बोबोला कोंबडी कापताना बघून घेरी यायची असं आई सांगायची. बैल कुठला पाडतोयस?" पण सोबिरजोनला स्वतःची गोष्ट आवडायची, त्यामुळे बैल काही मेला नाही.

खरं सांगू शकणारं माणूस नव्हतंच. त्यांचे वडील आयुष्यभर कापसाचा ट्रक चालवत राहिले. ते एवढंच सांगायचे, की तुमचा बोबो मजुरी करायचा. वडिलांना स्वतःला तरी कुठे जास्त माहीत होतं? ते लहान असताना असा काळ आला, की स्वतःचा धंदा करणाऱ्याला सरकार गुन्हेगार ठरवायचं; ज्याची स्वतःची हत्यारं होती, स्वतःचं दुकान होतं, त्याने ते तोंडातून काढायचं नाही. बोबोने जुनी वस्ती सोडली, कालव्याच्या अलीकडे येऊन घर बांधलं आणि विचारील त्याला "मजूर" सांगितलं. पोराच्या तोंडून चुकून काही जाऊ नये म्हणून पोरालाही तेच सांगितलं. पुढे काळ निवळला, पण तोवर सांगायची सवय मोडली होती. शिवाय बोबोला विचारणार कसं? बोबो ठार बहिरा होता.

आणि नुसता बोबो नव्हे. घरात तोश-बोबो म्हणून दुसरा म्हातारा होता, बोबोचा भाऊ, बिनलग्नाचा. तोही तितकाच बहिरा. कालव्याच्या अलीकडच्या लोकांनी या दोघांना पाहिलं ते असंच, आयते बहिरे. एका घरात दोन भाऊ आणि दोघांनाही तोफ ऐकू येत नाही म्हटल्यावर लोकांनी काय समजायचं ते समजून घेतलं. त्या घराला नाव पडलं बहिऱ्यांचं घर.

इनोबतला दोघे आठवत होते ते अंगणातल्या द्राक्षांच्या मांडवाखाली. लाकडी बाजेवर समोरासमोर बसायचे, गुडघ्याला गुडघा लावून, मध्ये एक उशी. आणि त्या उशीवर तळहाताने थापा मारत राहायचे. एक याची, एक त्याची. एक याची, एक त्याची. हातावर हात कधी पडला नाही. लहानग्या इनोबतला वाटायचं, म्हाताऱ्यांचा खेळ आहे. एकदा तिने मध्येच आपला हात घातला, तेव्हा तोश-बोबोचा तळवा बोटभर अंतरावर थबकला होता, आणि त्याने तिच्या मुठीत मनुका ठेवल्या होत्या. तोश-बोबो आधी गेला. मग त्या उन्हाळ्यात बोबो एकटाच थापा मारत बसायचा, आणि दर थापेनंतर थोडा थांबायचा. पुढच्या हिवाळ्यात तोही गेला.

दोघे गेले, पण घराला एक सवय लावून गेले: मोठ्याने बोलायची. बहिऱ्या माणसांशी बोलून बोलून वडिलांचा आवाज चढला, आईचा चढला, आणि पोरं तर त्याच आवाजात जन्मली. घरात "मीठ दे" म्हटलं की गल्लीच्या टोकाची बाई मीठ घेऊन येईल, अशी त्यांची चेष्टा व्हायची. चेष्टेपर्यंत ठीक होतं. पण ओरडून बोलणाऱ्याला स्वतःला कमी ऐकू येतं, हे जगात सगळ्यांना पक्कं ठाऊक असतं. झालं, पोरांच्याही कानांचा निकाल लागला.

आता खरी गंमत ऐका. रेशमाच्या कारखान्यात इनोबतसारखे कान दुसऱ्या कुणाचे नव्हते. कोष उकळत्या पाण्यात सोडायचे, बोटांनी धाग्याचं टोक शोधायचं, रिळावर चढवायचं. बोटं म्हाताऱ्या बाईसारखी सुरकुतून जायची. रिळांच्या त्या खडखडाटात कुठे धागा तुटला, तर बाकीच्या बायकांना तो डोळ्यांनी शोधावा लागायचा. इनोबत मान न वळवता सांगायची, पलीकडून तिसऱ्या रिळाचा गेला. पण हे कारखान्यातल्या बायकांना ठाऊक, आणि कारखान्यातल्या बायका काही सोयरिकी जुळवत नव्हत्या.

तिला स्थळं आली नाहीत असं नाही. देखणी होती, हाताला चलाख होती. त्यांच्याकडे मुलाच्या घरच्या बायका मागणी घालायला येतात, तेव्हा भरतकाम केलेल्या दस्तरखानात रोट्या बांधून आणतात. रोट्या मुलीच्या घरी तशाच ठेवतात. मग दोन्हीकडच्या वडीलधाऱ्या बायका एक दिवस समोरासमोर बसून रोटी मोडतात, आणि लग्न ठरतं. मधल्या दिवसांत मुलाकडच्यांचं मन फिरलं तर तोंडाने नकार देत नाहीत. कुणीतरी येतं, चहा घेतं आणि म्हणतं, आमचं दस्तरखान राहिलंय तेवढं द्या. फडकं जातं, रोट्या राहतात.

इनोबतकडून तीनदा दस्तरखान परत गेलं. पहिल्या दोन वेळी तिला राग आला. तिसऱ्या वेळी रागही आला नाही. तो मुलगा, तोलिब, बस चालवायचा. कारखाना सुटताना बस फाटकापाशी जरा जास्तच वेळ थांबवायचा आणि आरशातून बघायचा. त्याची आई फडकं मागायला आली, तेव्हा तिने कारण आडून सांगितलं, नातवंडांचा विचार करावा लागतो गं बाई. राहिलेल्या रोट्या टाकता येत नाहीत, पाहुण्यांपुढेही ठेवता येत नाहीत. वडिलांच्या घशाखाली उतरेनात, आई रडत होती. शेवटी इनोबतने एकटीने खाल्ल्या, वाळून लाकूड झाल्या तरी चहात बुडवून बुडवून खाल्ल्या.

त्यानंतर तिने लग्नाचा विषय बंद केला. ती कडू झाली नाही असं सांगितलं तर ते खोटं होईल. जीभ तिखट झाली, गल्लीतल्या लग्नांत ती मागे भांड्यांपाशी जाऊन बसू लागली. रोटी मोडायला भरल्या घरच्या, लेकराबाळांच्या बाया लागतात. इनोबतला कुणी पुढे या म्हणत नसे आणि तीही पुढे होत नसे. मग सोबिरजोनची बायको रांगतं मूल मागे ठेवून वारली. ते मूल इनोबतने उचललं आणि खाली ठेवलंच नाही. मुलीचं नाव मोहिरा. आत्याला तिकडे अम्मा म्हणतात, आणि मोहिरा तो शब्द असा हाकारायची, की गल्लीतली कुत्रीसुद्धा मान वळवायची. घरचाच आवाज तो.

मोहिरा विशीला आली, तशी इनोबतला भीती वाटू लागली. स्वतःचं काय ते झालं, पण या पोरीकडूनही दस्तरखान परत गेलं तर ते बघायची ताकद तिच्यात नव्हती. म्हणून अब्रोर नावाच्या मुलाचं स्थळ आलं, तेव्हा तिने घराला हुकूम सोडला: हळू बोलायचं. अब्रोर विणकरांच्या घराण्यातला होता, पोरगा चांगला होता, आणि मोहिरा त्याचं नाव निघालं की उगाच पाणी भरायला जायची. एवढं पुरे होतं.

मागणी घालायला अब्रोरची आई शरोफत आली. सोबिरजोन इतका हळू बोलला, की शरोफतला वाटलं याचा नवऱ्या मुलावर राग आहे. इनोबत कुजबुजत होती, मोहिरा नुसती मान हलवत होती, आणि शरोफतलाच दर वाक्याला "काय म्हणालात?" विचारावं लागत होतं. मोहिरा चहाचं ताट घेऊन वळली, तेव्हा शरोफतने तिच्या पाठीमागे मुद्दाम चमचा पाडला. पण पाडला तो जाड गादीवर. गादीवर पडलेला चमचा सैतानालाही ऐकू आला नसता. मोहिराने वळून पाहिलं नाही, आणि शरोफतने ते मनात टिपून ठेवलं.

रोट्या मात्र ठेवून गेली. इनोबतने दस्तरखान कोनाड्यात उंचावर ठेवलं आणि येता-जाता त्याकडे बघू लागली. नमाज झाली की ती दोनच गोष्टी मागायची: पोरीचं होऊ दे, आणि तोवर सोबिर अंगणात ओरडू नये.

मग एका सकाळी शरोफत पुन्हा आली. या वेळी बरोबर तिची सासू होती, रिसोलत-खोला, म्हणजे सगळ्यांची रिसोलतमावशी, पांढरा रुमाल बांधलेली, काठी न घेता ताठ चालणारी. हातात रोट्या नव्हत्या, मिठाई नव्हती. दोघी रिकाम्या हाताने आल्या आहेत हे बघताच इनोबतला सगळं कळलं. मोहिरालाही कळलं असावं. ती आतल्या खोलीत गेली आणि दार ओढून घेतलं.

तरी पाहुणे ते पाहुणे. इनोबतने मांडवाखालच्या बाजेवर गाद्या घातल्या, चहा आणला. लक्ष मोहिराच्या बंद दाराकडे होतं, म्हणून रिसोलत-खोलाचा प्याला काठोकाठ भरला गेला. त्यांच्याकडे प्याला नेहमी निम्माच भरतात, म्हणजे पुन्हा पुन्हा भरता येतो. काठोकाठ भरला तर त्याचा अर्थ, प्या आणि निघा. शरोफतच्या भुवया वर गेल्या. इनोबतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती घाईघाईने म्हणाली, "थांबा, खडीसाखर आणते," आणि कोपऱ्यातून मोगरी उचलून आणली.

खडा फडक्यात गुंडाळला, उंबऱ्यावर ठेवला आणि तिने दणका घातला. सगळा जीव त्या दणक्यात होता. दुसरा घातला. तिसऱ्याला हात उचलला, तेवढ्यात मागून रिसोलत-खोलाचा आवाज आला.

"ए, थांब. इकडे आण ते."

एवढा वेळ ती अहोजाहो करत होती. इनोबत मोगरी घेऊन गेली. म्हातारीने ती दोन्ही हातांनी मांडीवर घेतली, वजन पाहिलं, आणि फुगीर अंगावरून तळवा फिरवू लागली. तळवा एका खड्ड्यावर अडखळला, मग दुसऱ्यावर. तिचा चेहरा असा झाला, की जणू कुणीतरी कुराणावर चहाचं भांडं ठेवलं आहे.

"हे कुणी केलं?"

"काय?"

"हे खड्डे. हिच्यावर केसाएवढी चीर चालत नाही. रेशीम फाटतं. आणि तू हिने साखर फोडतेस?"

"अक्रोडपण," इनोबत म्हणाली. खोटं बोलणं तिला जमत नसे.

म्हातारीने डोळे मिटले. मग म्हणाली, "कुंदीची मोगरी आहे ही, पोरी. कुदुंग. माझ्या लहानपणानंतर आज बघतेय."

इनोबतला काही उमजलं नाही, तेव्हा म्हातारीने सांगायला घेतलं. तिचे वडील विणकर. अद्रस विणून मागावरून उतरवलं, की ते रेशमी कापड मंद असतं, त्याला तेज नसतं. ते न्यायचं कालव्यापलीकडच्या कुंदीवाल्यांकडे. ते कापडाला अंड्याचा पांढरा बलक चोपडायचे, घड्या करून ओंडक्यावर ठेवायचे, आणि दोन माणसं समोरासमोर बसून मोगऱ्यांनी ठोकायची. एक घाव याचा, एक त्याचा. सकाळी बसली की दुपारपर्यंत. घाव एकाच जागी पडला तर कापड जळल्यासारखं होतं, आणि मोगरीवर मोगरी आपटली तर मनगट जातं. म्हणून दोघांची लय जुळलेली हवी. कापड उलगडलं की पाण्यावर ऊन पडल्यासारखं चमकायचं. छोटी रिसोलत डोक्यावर कापडाचा गठ्ठा घेऊन तिकडे जायची आणि बाहेरून हाका मारायची.

"हाका मारून काय उपयोग? त्यांना कुठलं ऐकू यायला," ती म्हणाली. "मी तुतीची फळं फेकून मारायचे, तेव्हा वर बघायचे. ऐकू येणारा कुंदीवाला मी तरी पाहिला नाही. दिवसभर कानापाशी ते दण दण दण. कान राहतील कसे?"

 शरोफत मध्येच म्हणाली, "पण आई, यांच्याकडे दोघे भाऊ होते ना बहिरे. सगळी वस्ती सांगते. दोघे भाऊ म्हणजे रक्तातच..."

"नावं काय तुझ्या म्हाताऱ्यांची?" सासूने तिच्याकडे न बघता इनोबतला विचारलं.

"बोबो मिरकोमिल. आणि धाकटे, तोश-बोबो."

रिसोलत-खोला हसली. तोंडात दात थोडे होते, पण हसू पुरेपूर होतं. "लांबटांग मिरकोमिल आणि चपटा तोश. मग हे भाऊ कधी झाले? मिरकोमिल इथला, मर्गिलानचा. तोश रिश्तानकडून आलेला, आईबाप नसलेला पोर. माझे वडील सांगायचे, मिरकोमिलच्या समोर चार जण बसून गेले, कुणाची लय जुळेना. हा बसला आणि जुळली. दोघांची आई एक नाही, गाव एक नाही. जोडीच्या होत्या त्या फक्त मोगऱ्या."

मग ती सुनेकडे वळली. "आता सांग, कुठल्या रक्तातून आलं?"

शरोफतने प्याला उचलला आणि त्यात बघत राहिली. ती वाईट बाई नव्हती. तिला आपल्या मुलाची काळजी होती, आणि तोलिबच्या आईलाही तिच्या मुलाचीच होती. पण इनोबत त्या घटकेला कुणाच्याच काळजीचा विचार करत नव्हती. तिच्या डोळ्यांपुढे हीच बाज होती, हाच मांडव, आणि मध्ये उशी घेऊन बसलेले दोन म्हातारे. तो खेळ नव्हता. काम बंद झालं, हत्यारं लपवली, कान गेले, पण दोघांना एकमेकांशी बोलायची तेवढी एकच भाषा उरली होती. आणि तोश-बोबो गेल्यावर दर थापेनंतर बोबो थांबायचा, तो समोरच्या घावासाठी जागा सोडायचा.

"दुसरी कुठाय?" रिसोलत-खोलाने विचारलं. "कुदुंग एकटी नसते."

इनोबत नाही म्हणणार होती. मग तिला तोश-बोबोची कबर आठवली. तिच्या उशाशी लाकडाचा एक गोल गड्डा रोवलेला होता, अर्धा मातीत. वडिलांबरोबर सणाला जाऊन ती त्यावर फुलं ठेवायची. तिला वाटायचं, खुणेचा खुंट आहे. पुढे तो कुजून मातीला मिळाला.

"बोबोने त्यांच्या उशाशी ठेवली," ती म्हणाली, आणि तिला रडू कोसळलं. ती बोबोसाठी रडली, तोशसाठी रडली, आणि खोटं कशाला सांगा, त्या तीन दस्तरखानांसाठीही रडली. एवढं एक वाक्य कुणी तीस वर्षांपूर्वी या अंगणात येऊन बोललं असतं तर! पण त्याच रडण्यात तिला हेही जाणवलं, की ज्या घराची तिला जन्मभर लाज वाटली, ते घर एका माणसाने दुसऱ्या अनाथ माणसाला भाऊ म्हणून आणून वसवलं होतं. लोकांनी चूक केली होती. ती चूक व्हावी इतका तोश खरा भाऊ झाला होता. तिचं मन एकदम भरून आलं. हे कळायच्या आधी आपण मेलो नाही, याबद्दल तिने मनातल्या मनात अल्लाचे आभार मानले.

रिसोलत-खोलाने तिला रडू दिलं. मग विचारलं, "आणि तुझं काय झालं, पोरी? कुठे दिलं तुला?"

"कुठे नाही. तीनदा फडकं परत गेलं."

 मोगरीवरून म्हातारीचा हात फिरत राहिला. "मी कालव्यापलीकडेच राहत होते," ती शेवटी म्हणाली. "इतकी वर्षं. एकदा इकडे चहाला आले असते तर झालं असतं. माफ कर मला."

"तुम्हाला कसं कळणार, खोला?"

"कळलं नाही, म्हणून तर माफी मागतेय. वडिलांनी माझ्या लहानपणीच माझ्या लग्नासाठी विणून ठेवलेलं अद्रस तुझ्या म्हाताऱ्यांनी ठोकलेलं आहे. माझ्या पेटीत आहे. अजून चेहरा दिसतो त्यात." तिने मोगरी बाजूला ठेवली आणि रुमाल नीट केला. "सूनबाई, आपण इथे कशाला आलो होतो?"

शरोफतने मान वर केली. ती लाजली होती, पण शहाणी होती. "रोटी मोडायला, आई," ती म्हणाली.

इनोबत उठून कोनाड्याकडे गेली, दस्तरखान खाली घेतलं, बाजेवर उलगडलं. रोट्या कोरड्या पडल्या होत्या, पण अजून वाळल्या नव्हत्या. मग ती सवयीने दोन पावलं मागे सरकली आणि म्हणाली, "शेजारून हुरियत-ओपाला बोलावून आणते. तिची पाच मुलं आहेत, हात चांगला आहे तिचा."

"मी हुरियतच्या घरी आलेय का?" रिसोलत-खोला म्हणाली. "बस इथे. समोर बस. जोडीने करायचं काम आहे, तुझ्या घरात ते नवीन नाही."

"खोला, मी तशी बाई नाही. माझं लग्न..."

"पोरगी कुणी वाढवली?"

इनोबत समोर बसली, गुडघ्याला गुडघा लावून. म्हातारीने रोटी उचलून एक कड स्वतः धरली आणि दुसरी तिच्यापुढे केली. इनोबतने आधी झग्याला हात पुसले, तरी ते ओलेच होते. कारखान्यातल्या गरम पाण्याने जन्माच्या सुरकुतलेल्या त्या बोटांनी तिने रोटी धरली. दोघींनी एकदम ओढली. रोटी मधोमध नाही मोडली, मोठा तुकडा इनोबतकडे आला. तिने त्यातला घास तोडून तोंडात घातला आणि चावत राहिली. जुन्या रोट्यांची चव तिला अजून आठवत होती. ही रोटीही शिळीच होती, पण पाणी न लावता घशाखाली उतरली.

आतल्या खोलीचं दार बोटभर उघडलं होतं. तिथून घाबरलेला, दाबून धरलेला आवाज आला, "अम्मा? काय झालं? गेल्या का त्या?"

सगळ्या घराला तिनेच शिकवलं होतं तसं पोरगी हळू बोलत होती. इनोबतने घास गिळला, छाती भरून श्वास घेतला आणि बोबोच्या घरात बोलायचे तसं बोलली.

"बाहेर ये! रोटी मोडली!"

कालव्यापलीकडे कुणीतरी खिडकी उघडली. रिसोलत-खोलाने कानावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने आपला काठोकाठ भरलेला प्याला पुढे केला, तेवढा चहा बदलून निम्मा भरून आण म्हणून.